तिथून मी पुष्करला गेलो

नाशिकहून मुंबईकडे निघालं की महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर लागतो. आपण त्याला पांडवलेणी म्हणतो. पायऱ्या चढून वर गेलं की चोवीस लेण्यांपैकी दहाव्या लेण्याच्या खांबांपाशी बहुतेक जण फोटो काढतात आणि पुढे सरकतात. तिथेच व्हरांड्याच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला एक लांब लेख आहे. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याने तो कोरून घेतला, सुमारे १९०० वर्षांपूर्वी.

सुरुवातीला दानांची यादी आहे. गायी, गावं, धर्मशाळा, नद्या ओलांडायला फुकट नावा. हे सगळं तृतीयपुरुषी आहे: उषवदाताने हे दिलं, उषवदाताने ते बांधलं. मग मध्येच ‘मी’ बोलायला लागतो. धन्याच्या आज्ञेवरून भर पावसाळ्यात मी उत्तमभद्रांना सोडवायला गेलो, त्यांना मालयांनी वेढलं होतं. माझ्या नुसत्या गर्जनेनेच मालय पळाले. आणि लगेच पुढे: तिथून मी पुष्करला गेलो, स्नान केलं, तीन हजार गायी आणि एक गाव दान दिलं.

आजच्या भाषेत सांगायचं तर साहेबाने दौऱ्यावर पाठवलं, काम झालं, अहवालात ते थोडं फुगवून लिहिलं आणि जोडून सुट्टी घेतली. पुष्कर उषवदातासाठी सहलीचं ठिकाण नव्हतं, तीर्थ होतं. पण ते धन्याचं कामही नव्हतं. तिथे त्याला कुणी पाठवलं नव्हतं. तो आपल्या मनाने गेला, आणि नोकरीचा दौरा व स्वतःची यात्रा त्याने एकाच दमात, एकाच भिंतीवर लिहून ठेवली.

आता शहरात परत येऊ.

समजा, नाशिक जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणारी एकोणतीस वर्षांची प्राध्यापिका आहे. तिचा शोधनिबंध व्हिएन्नाच्या एका परिषदेत स्वीकारला गेला. तिकिटाचा काही भाग अनुदानातून मिळणार, उरलेला तिने साठवलेल्या पैशांतून. परिषद बुधवार ते शुक्रवार. व्हिएन्नाहून रेल्वेने साधारण चार तासांवर म्युनिक, आणि तिथे तिची शाळेतली मैत्रीण राहते. नाशिकरोडला दहा वर्षं एका बाकावर बसलेल्या या दोघी सहा वर्षांत भेटलेल्या नाहीत. मधल्या काळात एकीचे वडील गेले, दुसरीला मुलगी झाली, आणि दोन्ही बातम्या व्हॉट्सॲपवरच कळल्या.

शनिवारऐवजी मंगळवारचं परतीचं तिकीट काढलं तर तीन दिवस म्युनिकला राहता येईल. त्यात गैर काय?

काहीच नाही, असं आपण पटकन म्हणतो. पण मग पुढचं सगळं इतकं चोरून का चालतं? ना-हरकत प्रमाणपत्राच्या अर्जात म्युनिकचा उल्लेख टाळायचा. प्राचार्यांनी विचारलं तर ‘तिकीट मंगळवारचंच मिळालं’ म्हणायचं. तळ्याकाठचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकताना स्टाफरूममधल्या अकरा जणांना स्टोरीतून वगळायचं. परिषदेतला गळ्यात ओळखपत्र अडकवलेला फोटो मात्र फेसबुकवर सगळ्यांसाठी खुला.

नेमकं काय लपवतो आहोत आपण?

पहिला अंदाज पैशाचा. दुसऱ्याच्या पैशाने स्वतःची मौज, हा जुना आणि रास्त आक्षेप आहे. पण पैशाचा भाग या प्रश्नात खरं तर सगळ्यात सोपा. सरकारी प्रवासभत्त्याच्या नियमांचं सूत्र साधं आहे: जवळच्या मार्गाचं भाडं मिळेल, आणि दौऱ्यात मध्येच रजा घेतली तर त्या दिवसांचा दैनिक भत्ता मिळणार नाही. म्हणजे दौऱ्याला रजा जोडली जाते हे नियम बनवणाऱ्यांना माहीत होतं. त्यांनी ती पापासारखी मोजली नाही, फक्त हिशेब वेगळा ठेवला. मंगळवारचं तिकीट शनिवारपेक्षा महाग निघालं तर फरक तिचा. स्वस्त निघालं तर अनुदान देणाऱ्याचे पैसे वाचले. म्युनिकचं रेल्वे तिकीट तिचं.

व्हिसावालेही यात फार भाबडे नाहीत. अमेरिकेचा बी-१ व्हिसा व्यवसायासाठी असतो, त्यात परिषदांना जाणंही येतं. बी-२ पर्यटनासाठी आणि आप्तमित्रांच्या भेटीसाठी. प्रत्यक्षात आपल्याकडच्या लोकांना हे दोन्ही बहुतेक वेळा एकत्रच मिळतात. माणूस इतक्या लांब आला तर फक्त एकच गोष्ट करून परत जाणार नाही, हे दूतावासांनाही कळतं.

पैशाची चोरी नसते असं नाही. परिषदेला नाव नोंदवायचं, उद्घाटनाच्या चहाला हजेरी लावायची, स्वतःचे पंधरा मिनिटं वाचायचे, प्रमाणपत्र पिशवीत टाकायचं आणि उरलेले अडीच दिवस शहर पाहायचं, हा प्रकार सगळ्यांनी पाहिलेला असतो. बढतीसाठी गुण मोजायला लागल्यापासून परिषदांना, आणि विशेषतः समुद्रकिनारी भरणाऱ्या परिषदांना, बरे दिवस आले. स्टाफरूममधली कुजबूज हवेतून आलेली नाही. पण हा वेगळा गुन्हा आहे. त्यात सुट्टी कामाला जोडलेली नसते, कामातून कापून घेतलेली असते. रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलणाऱ्या पुढच्या वक्त्याचं त्यात नुकसान होतं, आणि निवड न झालेल्या त्या दुसऱ्या अर्जदाराचंही. आपली प्राध्यापिका शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं सत्र संपेपर्यंत बसणार आहे. तिला हा आरोप लागू होत नाही.

तरीही ती लपवते. म्हणजे लपवण्याचं कारण पैशात नाही.

मला ते कारण ‘निमित्त’ या आपल्या शब्दात दिसतं. आपल्याकडे प्रवासाला निमित्त लागतं. आनंदासाठी, माणसाला भेटायला, नवा मुलूख बघायला घराबाहेर पडणं हे पुरेसं कारण कधी मानलंच गेलं नाही. यात्रा चालायची. पंढरपूर, काशी, त्र्यंबकेश्वर म्हटलं की घरातली बाईसुद्धा उंबरा ओलांडू शकायची, कारण देवाचं काम होतं. समुद्र ओलांडला तर परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागायचं. आता देवाच्या जागी काम आलं. ‘ऑफिसने पाठवलंय’ म्हटलं की सासूबाईही गप्प बसतात. ‘मैत्रिणीला भेटायला म्युनिकला चाललेय’ म्हटलं तर प्रश्न सुरू होतात: एवढे पैसे? एकटी? आणि घर? मुलं?

नाशिककराला हे वेगळं समजावायला नको. अर्धं शहर या निमित्तावर चालतं. नारायण नागबळीसाठी त्र्यंबकेश्वरला तीन दिवस येणारं कुटुंब पंचवटी करतं, मिसळ खातं, गंगापूर धरणाकडे द्राक्षबागाही बघून येतं. त्यातलं कुणी स्वतःला पर्यटक म्हणवत नाही. पूजेला आलो होतो, म्हणतात.

त्यामुळे आपण एकाच प्रवासात दोन खोट्या गोष्टी सांगायला शिकलो. ऑफिसला सांगतो, ‘कामासाठीच गेले होते.’ आणि मैत्रिणीच्या दारात उभं राहून म्हणतो, ‘अगं, खास तुला भेटायला आले!’ ऑफिसपासून मैत्रीण लपवायची आणि मैत्रिणीपासून ऑफिस. या दुसऱ्या खोटेपणाबद्दल आपण क्वचितच बोलतो. मला तो पहिल्यापेक्षा जास्त विचार करण्यासारखा वाटतो.

पण त्याआधी काम आणि स्नेह इतके वेगळे असतात का, हे पाहायला हवं.

त्रिरश्मीवरची लेणी भिक्षूंच्या वर्षावासासाठी होती. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं, हिंडायचं नाही. उषवदाताने चार हजार कार्षापणांना एक शेत विकत घेऊन दिलं, ते याच लेण्यात राहणाऱ्यांच्या जेवणासाठी. आता या ‘हिंडायचं नाही’ला अपवाद काय होते ते बघा. विनयाच्या नियमांनुसार भिक्षूला वर्षावासात काही कारणांसाठी बाहेर जाता येत असे, पण सात दिवसांत परतायचं. एखाद्या उपासकाने धर्मकार्यासाठी बोलावणं पाठवलं, तर. सोबतचा भिक्षू आजारी असला, तर. आणि आई किंवा वडील आजारी असले तर बोलावणं आलं नसलं तरीही. घर सोडलेल्या माणसासाठी केलेल्या या रजेच्या नियमात आई आहे आणि सोबती आहे. ‘कामाशिवाय बाहेर पडू नये’ म्हणतानाच माणसांना भेटणं हे काम असू शकतं, हे त्यात मान्य केलं आहे. मर्यादा दिवसांची घातली, मायेला बंदी नाही.

विद्वानांचंही तेच. १८७४ साली लंडनला प्राच्यविद्या परिषद भरली. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना तिचं निमंत्रण होतं. घरच्या अडचणींमुळे ते जाऊ शकले नाहीत, पण त्यांनी निबंध पाठवला. विषय होता नाशिकच्या लेण्यांमधले शिलालेख. उषवदाताचा लेख भांडारकरांच्या हातून लंडनला पोचला, भांडारकर स्वतः मात्र इथेच राहिले. पुढे १८८६ साली व्हिएन्नाला अशीच परिषद भरली तेव्हा ते सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले. व्हिएन्ना विद्यापीठात तेव्हा जॉर्ज ब्यूलर प्राध्यापक होते. ब्यूलरनी त्याआधीची सतरा वर्षं मुंबई इलाख्यात काढली होती. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलं, गावोगावची संस्कृत हस्तलिखितं शोधली. भांडारकरही त्याच कॉलेजात, त्याच शोधात.

आता सांगा, व्हिएन्नात या दोघांची गाठ पडली तो वेळ प्रवास देयकाच्या कुठल्या रकान्यात भरायचा? शासकीय की खाजगी?

तो प्रश्नच चुकीचा वाटतो ना? विद्या पत्रांतून, निबंधांतून जाते हे खरं. १८७४ साली ती तशी गेलीही. तरी बारा वर्षांनी माणूस बोट पकडून निघालाच. समोरासमोर बसून होणारं जे काही असतं, ते निबंधात मावत नाही. परिषदेला गेलेला कुणीही सांगेल की मोलाचं बोलणं चहाच्या टेबलाशी होतं. शाळेच्या भिंतीवरच्या सुभाषितांतसुद्धा देशाटन, विद्वानांची मैत्री आणि सभेतला वावर एका रांगेत बसलेले असत. भांडारकरांनी आणखी एक गोष्ट केली. परत आल्यावर ‘माय व्हिजिट टू द व्हिएन्ना काँग्रेस’ या नावाने त्यांनी त्या वारीचा वृत्तांत दिला. 

म्हणजे काम आणि स्नेह एकत्र येणं हा दोष नाही. कित्येकदा एकामुळेच दुसरं घडतं. मग दोष कुठे येऊ शकतो?

तो म्युनिकच्या दारात येऊ शकतो.

इथे पुन्हा नाशिककराने आपला अनुभव आठवावा, कारण आपण पिढ्यान्पिढ्या यजमान आहोत. सिंहस्थात, श्रावणी सोमवारी, कुणाच्या अस्थी घेऊन रामकुंडावर, कुणाच्या परीक्षेसाठी, लोक आपल्याकडे येतच असतात. ‘आलोच आहोत तर तुमच्याकडेही डोकावलो.’ या ‘आलोच’मधला ‘च’ यजमानाला नेमका ऐकू येतो. चहा होतो, जेवण होतं, गादी घातली जाते, पहाटे पाच वाजता पाणी तापवलं जातं. पाहुणे मनापासून आभार मानतात. तरी दार लावताना कधीकधी वाटतं, आपल्याकडे आले होते की आपल्या घरी उतरले होते?

‘येणं’ आणि ‘उतरणं’ यातला हा फरक तत्त्वज्ञांनीही मोजला आहे. ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगाची, मौजेची, आणि माणूस जसा आहे त्याच्यासाठी केलेली. कांटने १७८५ साली म्हटलं की माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये. इथे ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कांट वापरू नका म्हणत नाही. जेवण वाढणारा, रिक्षा चालवणारा, रात्री झोपायला जागा देणारा मित्र, सगळ्यांचा आपण उपयोग करतोच. केवळ उपयोग करू नका, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

म्युनिकमधल्या मैत्रिणीने सोमवारची रजा काढली आहे. मुलीला पाळणाघरातून लवकर आणायचं ठरवलं आहे. भारतीय दुकानातून पोहे आणि कढीपत्ता आणून ठेवला आहे. तिच्या घरी हॉटेलचे पैसे वाचणार हे दोघींना माहीत आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण पाहुणी जर तीनही दिवस ‘दहा ठिकाणं’ पूर्ण करायला धावत राहिली, रात्री सोफ्यावर बसून परिषदेचा अहवाल टाइप करत राहिली, आणि वडील गेले तेव्हा तू कशी होतीस हे विचारायला तिला वेळच झाला नाही, तर तिने म्युनिक पाहिलं आणि मैत्रीण वापरली. या फसवणुकीचा हिशेब कुठलाही लेखापरीक्षक काढणार नाही. ऑफिसचे पैसे परत करता येतात. हे ज्याचं त्याला आतल्या आत कळतं, आणि पुढच्या वेळी निरोपाला उत्तर थोडं उशिरा येतं.

म्हणून मला या प्रश्नाची एक साधी कसोटी सुचते. प्रवासाचा आराखडा एकाच कागदावर लिहा. कुठल्या दिवशी कुठे, कशासाठी, कुणाच्या खर्चाने. तोच कागद चौघांना दाखवता येईल का: प्राचार्यांना, व्हिसा अधिकाऱ्याला, मैत्रिणीला आणि घरच्यांना? आला तर खुशाल जा. एखाद्यासाठी वेगळी प्रत काढावीशी वाटली, तर दोन प्रतींमध्ये जी ओळ बदलते तिच्यावर बोट ठेवा. काही गैर असेल तर ते तिथेच असेल.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत.

पहिला: माझ्या रजेत मी कुणाला भेटते हे ऑफिसला का सांगू? सांगू नका. ‘तीन दिवस वैयक्तिक रजा’ एवढं पुरे. रजेचे दिवस लपवणं वेगळं आणि रजेत काय केलं हे आपल्यापाशी ठेवणं वेगळं. पहिल्यात तुम्ही हिशेब बिघडवता, दुसऱ्यात स्वतःचं आयुष्य सांभाळता. विशेषतः मुलींना हा फरक ठणकावून सांगता यायला हवा, कारण त्यांच्या रजेचे तास मोजणारे डोळे जास्त असतात.

दुसरा आक्षेप जड आहे. खरं लिहिलं तर परवानगीच मिळत नाही. ‘वैयक्तिक रजा’ हे दोन शब्द दिसले की फाइल अडते, ‘फिरायला चालल्या’ असा शेरा तोंडी मारला जातो. खोटं लिहिणारा मात्र गुपचूप जाऊन येतो. हे होतं. आणि जिथे होतं तिथे नैतिकतेचा प्रश्न त्या एकट्या मुलीचा राहत नाही. ज्या संस्थेत खरं बोलणं महाग पडतं, त्या संस्थेला खोटेच कागद मिळणार.

त्यात वर्गाचाही प्रश्न आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत तो कामाला वेगळा जाईल, सुट्टीला वेगळा. त्याचा कागद नेहमी स्वच्छ दिसेल. ज्या मुलीच्या आयुष्यात परदेशाचं एकच तिकीट आहे आणि तेही परिषदेमुळे आलेलं, तिला ‘काम आणि सुट्टी मिसळू नका’ सांगणं म्हणजे ‘तू सुट्टी घेऊच नकोस’ सांगणं. दोन वेगळ्या विमानप्रवासांच्या किमतीत मिळणारी शुचिता ही शुचिता कमी आणि ऐपत जास्त. शिवाय एका उड्डाणात दोन कामं झाली तर आकाशात धूरही एकदाच सुटतो.

उषवदाताला आदर्श मानायचं कारण नाही. तो राजाचा जावई होता. तीन हजार गायी कुणाच्या गोठ्यातून आल्या हे विचारणारं त्याला कुणी नव्हतं, आणि मालय नुसत्या गर्जनेने पळाले यावर कुणी विश्वास ठेवावा असाही आग्रह नाही. राजाचा खजिना आणि स्वतःचा बटवा वेगळे ठेवणं हे आपल्या काळाचं शहाणपण आहे आणि ते सोडू नये. पण त्याच्याकडून एक शब्द उसना घ्यावासा वाटतो: ‘तिथून’. धन्याच्या कामाला गेलो, तिथून माझ्या कामाला गेलो. एक संपलं, दुसरं सुरू झालं, आणि दोन्ही माझंच.

ती प्राध्यापिका अर्ज लिहायला बसेल तेव्हा तिला दोनच वाक्यं लागतील. प्राचार्यांसाठी: ‘परिषद शुक्रवारी संपते. तिथून पुढे मंगळवारपर्यंत मी वैयक्तिक रजेवर राहीन, त्या दिवसांचा खर्च माझा.’

आणि मैत्रिणीला खोटं कौतुक नको, ‘खास तुझ्यासाठीच आले’ नको. तिला सांगावं: ‘तिकीट परिषदेमुळे निघालं. पण परतीची तारीख मी तुझ्यासाठी पुढे ढकलली.’

हे खरं आहे. आणि सहा वर्षं न भेटलेल्या मैत्रिणीला यापेक्षा गोड काही ऐकायचं असेल असं मला वाटत नाही.